माती उचलायला लावणारी शिट्टी

तुम्ही पाहिलं होतं, साहेब. तुमची नजर त्याच्यावरच होती. त्या मोठ्या खेळाडूला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. तो आपसूक पडला, गडगडा लोळला, आणि तुमची शिट्टी वाजली. पडणारा त्या लहान देशाचा असता तर तुम्ही त्याला दंडाला धरून उठवलं असतं, वर कार्ड दाखवून ढोंगी ठरवलं असतं. पण पडणाऱ्याचं चित्र साऱ्या जगातल्या भिंतींवर होतं. म्हणून त्याचं पडणं खरं ठरलं. लहान देश रडत घरी गेला. तुम्ही जेवायला गेलात.

मित्रांनो, दचकू नका. हे तुम्हाला नाही, जगाच्या चषकात शिट्टी वाजवणाऱ्या पंचसाहेबांना आहे. त्यांनी आजवर ऐकलेलं नाही, म्हणून तुमच्यासमोर बोलते.

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मुदखेड स्टेशनामागच्या एका खोलीत खिळ्याला टांगलेली असते. माझ्या पोटात बुचाचा दाणा आहे. तो नाचला की माझा आवाज थरथरतो आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत जातो. आता तो सुकून एका कडेला चिकटला आहे. मला फुंकलं तर आवाज निघेल की नुसती हवा, हे मलाही ठाऊक नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा सिकंदराबादच्या बाजारात एका पेटीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. तिथून एका रेल्वे गार्डाने मला मुदखेडला आणलं. त्या काळी मुदखेडच्या रेल्वेवाल्यांना फुटबॉलचं वेड होतं. गार्डसाहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला भुजंगच्या गळ्यात घातलं.

भुजंग रेल्वेत सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावर जाईल ते त्याच्या हातात. पण त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुस्ती. बाप जत्रेतल्या कुस्त्यांचा पंच. त्या फडात एक रीत होती. पाठ लागली की नाही यावर भांडण झालं, तर पंच पैलवानाला म्हणायचा, "माती उचल आन् सांग." फडातली माती मुठीत घेऊन खोटं बोलायची छाती कुणाची नव्हती. ज्या मातीत रोज लोळायचं, तिच्यासमोर खोटं कसं बोलणार?

भुजंगने ही रीत सरळ फुटबॉलमध्ये आणली. नियमांच्या पुस्तकात ती नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. वाद झाला की मी वाजायचे, खेळ थांबायचा आणि भुजंग म्हणायचा, "उचल माती." एकदा एका गड्याने गोल केला, सगळे नाचले. भुजंगने माती उचलायला लावली. गड्याने मूठ भरली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लागला, भुजंगभाऊ. हाताला लागला. पर जरासाच." मैदान हसून लोटपोट. गोल रद्द. मारामारी नाही, काही नाही. त्या वर्षांत मला फार मान होता. नांदेडपासून देगलूरपर्यंत सामने असले की माणसं विचारायची, "मातीवाला पंच येऊन राहिला का?"

मग तो दुष्काळ आला. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला चारच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवर नव्या पाट्या होत्या आणि विहिरींत खडखडाट होता. मिरग कोरडा गेला. अशात नव्या जिल्ह्याच्या नावाने फुटबॉलच्या चषकाचे सामने भरले. बक्षीस काय, तर जिंकेल त्या गावात बोअरची गाडी सगळ्यात आधी येणार आणि हापसा बसणार. मित्रांनो, पाण्यासाठी गावांना चेंडूमागे पळायला लावायची ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली, ते डोकंही मला एकदा पाहायचं आहे.

अंतिम सामना औशात होता. एका बाजूला औसा, दुसऱ्या बाजूला निलंग्याकडचं एक लहान खेडं. पंच म्हणून भुजंगला बोलावलं होतं; मातीची त्याची रीत तिथेही ठाऊक होती. तो आदल्या दिवशीच येऊन गुरुबसप्पांच्या आडतीत उतरला. गुरुबसप्पा औशाच्या बाजारातले आडतवाले. त्या साली धान्य नव्हतं, त्यामुळे आडतीत मोकळी जागा आणि एक टीव्ही. दारासमोर टँकर थांबायचा, म्हणून बायका घागरी घेऊन तिथेच बसायच्या. त्यांत सरजाबाई होती. बुद्धवाड्यातली, खडी फोडायला जाणारी, जिभेची धारदार. रात्र झाली तरी टँकर काही येत नव्हता. टीव्हीवर जगाच्या चषकाचा सामना चालू होता. बसल्या बसल्या बायकाही बघू लागल्या.

तोच तो सामना, साहेब. मी भुजंगच्या छातीवरून तो पाहिला. मोठा खेळाडू पडला. तुमची शिट्टी वाजली.

"आगं, ह्येला कुनी शिवलंबी न्हाई!" सरजाबाई ओरडली. "उगंच पडलंय बेनं!"

"मोठा खेळाडू हाय तो," गुरुबसप्पा म्हणाले. "त्येच्यासाठीच तर लोक बघून राहिले. तोच घरी गेला तर टीव्ही कोन लावतंय?"

"मोठा असंल त्येच्या घरचा. माती उचलायला लावा त्येला!"

आणि सगळी आडत ओरडू लागली, "माती! माती!" टीव्हीकडे हात करून हमाल ओरडले, घागरी वाजवत बायका ओरडल्या. भुजंग हसला.

"सरजाबाई, तिथं माती न्हाई. गवत हाय सगळं."

"मंग गवत उचलायचं! खोटं बोलायला काय, गवतावर बी येतंय."

पण तुम्ही काही उचलायला लावलं नाही. त्या मोठ्या खेळाडूने पेनल्टी मारली, गोल झाला. आडतीतली माणसं तुम्हाला काय काय म्हणाली ते मुलांसमोर सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी औशाच्या मैदानात अंतिम सामना. औशाने बाहेरून एक मोठा खेळाडू आणला होता, शेषेराव. राज्याच्या संघात खेळलेला. त्याच्यासाठी मंडपातली खुर्ची, डोक्यावर छत्री, प्यायला माठातलं गार पाणी. खेड्याची पोरं अनवाणी. त्यांचा बचाव सांभाळायला व्यंकटी नावाचा काटकुळा गडी होता. त्याने शेषेरावला सामनाभर हलू दिलं नाही.

सामना संपत आला, गोल एकही नाही. तेवढ्यात शेषेराव चेंडू घेऊन गोलापुढे घुसला. व्यंकटी आडवा आला, पण शिवला नाही. मी पाहिलं. शेषेराव पडला. अगदी तसाच पडला, साहेब. हात पसरून, ओरडून, गडगडा लोळून. त्यानेही टीव्ही पाहिला असणार.

सारं औसा उभं राहिलं. "पेनल्टी! पेनल्टी!" काल आडतीत "माती" म्हणून ओरडणारे तेच हमाल, त्याच बायका. गुरुबसप्पा तर बाकावर चढले होते.

भुजंगने मला ओठांना लावलं आणि फुंकलं. खेळ थांबला. तो शेषेरावजवळ गेला.

"उठा, शेषेराव. माती उचला आन् सांगा. ह्येचा पाय लागला का?"

व्यंकटीने न विचारताच खाली वाकून मूठ भरली. "म्या न्हाई शिवलो, भुजंगभाऊ. मातीची आन."

शेषेराव उठला. अंग झटकलं. मंडपाकडे पाहिलं.

"भुजंग, येडा का रे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हापसा जाईल! वाजव शिट्टी!"

तेव्हा घागरींच्या रांगेतून सरजाबाई पुढे आली. तिच्या घरात त्या दिवशी पाणी नव्हतं. पेनल्टी मिळाली तर तिच्या गल्लीच्या तोंडाशी हापसा बसणार होता. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भुजंगलाही ठाऊक होतं. ती मैदानाच्या कडेला थांबली आणि म्हणाली, "शेषेराव, उचल बाबा माती. काल त्या टीव्हीतल्याला सांगितलं, तेच तुला सांगून राहिले."

शेषेराव वाकला. त्याने मूठ भरली. मग त्याने ती हळूच उघडली. माती खाली सांडली, आणि तो चेंडू सोडून मागे सरला.

भुजंगने हात वर केला. पेनल्टी नाही.

मंडपातून चषक भरवणारे पाहुणे उठले. माती उचलणं कुठल्या नियमात आहे, असं त्यांनी विचारलं. नियमात ते नाहीच. त्यांनी त्याला मैदानाबाहेर काढलं आणि दुसरा पंच आत पाठवला. त्याच्या गळ्यात नवी, प्लास्टिकची शिट्टी होती. ती वाजली. पेनल्टी, गोल, औसा जिंकलं. भुजंग मला मुठीत धरून एसटी स्टँडपर्यंत चालत गेला. कुणी राम राम केला नाही.

हापसा बसला. पाणीही लागलं. व्यंकटीच्या खेड्यात बोअरची गाडी गेलीच नाही.

पुढे एकदा सरजाबाई नांदेडला आली, तशी मुदखेडलाही येऊन गेली. तिच्या हातात पितळी तांब्या होता. "घ्या भुजंगभाऊ, आमच्या हापशाचं हाय."

भुजंग प्यायला.

"पानी गोड हाय," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? लेकरं पेतात, मीबी पेते. पर दांडा मारताना दर खेपंला ते काटकुळं पोरगं दिसतंय, मूठ भरून हुबं राहिल्यालं."

भुजंगला पुन्हा कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. त्याने मला खिळ्यावर लटकवलं. मित्रांनो, एकटेपण काय असतं ते शिट्टीला विचारा. माझा आवाज साऱ्या मैदानाला थांबवायचा, आता समोरून गाडी गेली की मी भिंतीवर नुसती हलते. भुजंग म्हातारा झाला आहे. दर चार वर्षांनी जगाचा चषक आला की तो खुर्चीत, मी खिळ्यावर, असे आम्ही दोघे टीव्ही बघतो. कुणी मोठा खेळाडू पडला की तो हळू आवाजात म्हणतो, "माती." टीव्ही ऐकत नाही. मग तो माझ्याकडे बघतो.

मला उतरवा, पुसा, कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. तुमच्या खेळात कुणी मोठा पडला, तर त्याच्याकडे बघण्याआधी त्याच्यासमोर उभ्या असलेल्या लहानाकडे बघा. एवढं केलंत तर मला जपल्यासारखंच आहे.

आणि साहेब, आता तुमच्याजवळ चहूबाजूंनी कॅमेरे आहेत. पडलेला माणूस तुम्ही मागे-पुढे करून हव्या तितक्या वेळा बघता. तरी मोठा पडला की तुमचा हात लवकर वर जातो, आणि लहान पडला की तुम्हाला दिसत नाही. आमच्या शेषेरावने निदान मूठ उघडली. त्याला विचारणारं कुणीतरी होतं म्हणून उघडली. तुमच्या त्या मोठ्याला तुम्ही एकदा तरी विचारलंत का? नसेल विचारलं, तर का नाही?

भुजंग अजून खुर्चीत बसून आहे. उत्तर द्या.