कडेची फळं

धाकटीने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि मान मागे टाकली. मानेत नेहमीची कळ आली. पुन्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिने आणखी एकदा पाहिलं. जे होतं तेच होतं.

वनस्पतींचे वाळवलेले नमुने ठेवलेल्या त्या लांबट खोलीत तिची निम्मी हयात सूर्यफुलाच्या कुळातली झाडं ओळखण्यात गेली होती. या कुळात पानाफुलांवर विसंबून चालत नाही. माती बदलली की पानं बदलतात, आणि फुलं तर सगळी एका आईची लेकरं वाटावीत अशी. जात ठरते ती फळावरून. फळ म्हणजे लोक ज्याला बी समजतात तेच: तिळाएवढं, काळसर, अंगावर उभ्या रेघा आणि डोक्यावर वाऱ्यावर उडण्यासाठी केसांचा तुरा. तुरा आहे की नाही, केस साधे की पिसासारखे, यावरून त्यांची घराणी लागतात.

तिच्या थोरल्या बहिणीने याच खिडकीशी बसून एक नवी जात उजेडात आणली होती. सगळं शेजारच्या एका जुन्या जातीसारखं, फक्त फळ बोडकं. तुरा नाहीच. त्या झाडाला तिने आईचं नाव दिलं. चौथीत शाळा सुटलेल्या आईचं नाव लॅटिन शेपूट लावून छापून आलं, तेव्हा आई येईल-जाईल त्याला सांगत सुटली होती, माझ्या नावाचं झाड आहे, पण काही कामाचं नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोरलीही निवृत्त झाली, गुडघ्यांनी घरी बसली. तिच्या नावावर ती एकच जात होती.

आता त्या गटाची फेरमांडणी धाकटीच्या गळ्यात पडली, आणि तिला शंका आली. या कुळात ज्याला एक फूल म्हणतात ती खरं तर बारीक फुलांची झुंबड असते. काही जातींत मधल्या फुलांची फळं तुऱ्याची, पिकली की वाऱ्याबरोबर निघून जाणारी. कडेची मात्र बोडकी, घर धरून बसणारी. थोरलीचा नमुना एका माळावर, हंगाम सरताना तोडलेला होता. तोवर मधली उडून गेली असतील तर मागे बोडकीच राहणार. धाकटीने त्याच माळावरची बोडकी फळं आणून कुंडीत लावली. ती उगवायलाही खूप आढेवेढे घेतात. आज त्या रोपाचं पहिलं पिकलेलं फूल तिने चिमट्याने उकललं, तर मध्ये तुरे आणि कडेला बोडकी. जुन्या जातीचे नमुने काढले, त्यांच्याही कडेला तीच. या जातीची कडेची फळं इतक्या वर्षांत कुणी उकलून पाहिलीच नव्हती. जाती दोन नव्हत्याच. आणि एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं राहतं, नंतरचं त्याखाली नोंदीपुरतं उरतं.

गप्प बसली असती तर कुणी विचारायला येणार नव्हतं. पण ती रोज कामाला बसण्याआधी क्षणभर डोळे मिटून, खरं असेल तेच दिसू दे, एवढंच मागायची. मागितलेलं पदरात पडल्यावर तक्रार कुठे करणार?

संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. थोरली स्टुलावर पाय ठेवून गुडघ्याला शेक देत बसली होती. धाकटीने सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात. थोरलीने ऐकून घेतलं, शेकायची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली आणि तोंड सुकलंय तुझं, चहा टाक, दोघींचा, असं म्हणाली.

चहा झाल्यावर मग बोलली. "त्या वर्षी आईचं ऑपरेशन होतं. ती हिंडायला लागेपर्यंत माझा पाय घरातून निघाला नाही. माळावर गेले तेव्हा सगळं झडत आलं होतं."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय? गेले हेच मला पुष्कळ वाटलं होतं." थोडं थांबून तिने विचारलं, "जुनं नाव कुणाचं गं?"

"ज्याने शोधली त्याच्या मेहुणीचं."

थोरलीला हसू फुटलं, पण ते नीट वर आलं नाही. "आई जन्मभर थोरल्या जावेच्या हाताखाली राबली बिचारी. आता नावसुद्धा कुणाच्या तरी मेहुणीखाली बारीक अक्षरात."

"ताई, तू नको म्हणालीस तर..."

"तर काय करशील? खोटं लिहिशील?"

धाकटीने रिकामे कप उचलले.

"नाही ना? मग मला विचारू नकोस. मी दमलेय, तूही दमलीयस. चिठ्ठी मात्र मी लिहिणार."

नमुना चिकटवलेल्या कागदावरची, जातीचं नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. मत बदललं की नवी चिठ्ठी तिच्याखाली चिकटवायची, खाली सही करायची. दुसऱ्या दिवशी थोरली जिन्यात चारदा टेकत वर आली. खिडकीशी बसली, चष्मा पुसला, आधी धाकटीने मांडून ठेवलेली फळं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग जुन्या जातीचं नाव लिहिलं आणि सही केली. अक्षर वाकडं आलं म्हणून स्वतःवरच चिडली, पण दुसरी चिठ्ठी घेतली नाही.

आईच्या नावाच्या जातीचे नमुने ठेवायचं पाकीट रिकामं झालं. कागद आता जुन्या जातीच्या गठ्ठ्यात जायचा होता.

"वर ठेव," थोरली म्हणाली. "आत गुदमरेल."

गठ्ठा प्रदेशांच्या क्रमाने लावलेला होता आणि त्या माळाची जागा मध्येच कुठेतरी येत होती. धाकटीचा हात थोडा अडखळला. मग तिने वरचे कागद उचलले आणि थोरलीचा कागद मध्ये, त्याच्या जागी ठेवला.

थोरली बघत होती. म्हणाली, "बरोबर आहे." आणि उठण्यासाठी तिने हात पुढे केला.