चष्मा काढल्यावरचे वाचन

मी एक जुना चष्मा आहे. धुळ्याच्या दवाखान्यातून सविताअक्का परत येणार नाहीत, हे मला त्यांच्या मुलाच्या, राजदीपच्या, खिशात कळले. एरवी मी अक्कांच्या गळ्यातल्या काळ्या दोरीला असे. त्या दिवशी राजदीपने मला भडगावला आणून वडिलांच्या, गुलाबभाऊंच्या, हातात ठेवले.

मित्रांनो, माझा जन्म पाचोऱ्याच्या एका दुकानात झाला. काच घासून तपकिरी फ्रेममध्ये बसवली आणि मी अक्कांच्या नाकावर आलो. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, अक्का बुद्धविहारात बुद्धांच्या चरित्राचा ग्रंथ वाचत. घरी आल्यावर तोच भाग भाऊंना वाचून दाखवत. एक प्रसंग संपला की मला काढून मांडीवर ठेवत.

"राजदीपना बाप, डोया झाका. बुद्धांना शिव्या देनारा माणूस उना. काय दखास?"

"मले तर भाकरच दखास," भाऊ म्हणत.

अक्का हसत, पण सोडत नसत; प्रसंग डोळ्यांपुढे आणायलाच लावत. "तठे जाईसन उभा ऱ्हा. नहीतर ही नुसती अक्षरं शेत."

भाऊ रागीट. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी, जीवरामशी, बोलणे तुटलेले. अक्कांच्या अंत्यविधीला जीवराम आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. भाऊंनी मान दुसरीकडे वळवली.

यंदाच्या वर्षावासात अक्कांचे अर्धे राहिलेले वाचन भाऊंनी हाती घेतले. माझा नंबर त्यांना लागत नाही. डोळ्यांतून पाणी येई, तरी मलाच लावून भराभर वाचत. एकदा शेजारच्या द्रौपदाबाई म्हणाल्याच, "भाऊ, तुमले गाडी धरनी शे का? सविता चष्मा काढे, तवय तिनं वाचन सुरू व्हये."

भाऊ चिडले. पण त्या संध्याकाळी तोच शिव्यांचा प्रसंग आला. त्यांनी मला काढले, मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"शिव्या देनारा मीच शे," ते म्हणाले. "आनि समोर मना जीवराम उभा शे. पायमा चप्पल बी नही."

मला ते दिसले नाही. मला फक्त छापलेले दिसते.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, काचेवर पालथा ठेवू नका. आणि वाचता वाचता कधी काढूनही ठेवत जा.

भाऊ आता रोज तिन्हीसांजेला जीवरामच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. त्याला हाक मारायची अजून राहिली आहे.