तिवरांचा कोपरा

कुवेतची लढाई संपली तरी तिथली नोकरी सोडून गावी आलेला ताजुद्दीन लगेच परत गेला नाही. अष्टमी गावातच राहून काहीतरी धंदा करायचं त्याने मनावर घेतलं. त्याच्या बायकोला, सुरैय्याला, तिच्या वडिलांनी खाडीकाठची खाजण जमीन दिली होती. तिथे कोळंबीची तळी खणायचं ठरलं.

काम सुरू होण्याआधी सुरैय्या जागा बघायला गेली. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांतून एक पाणमांजर वर आलं, तोंडात मासा, मागे दोन पिल्लं. सुरैय्याला बघून ती तिघं थबकली आणि जुन्या बांधाच्या कपारीत शिरली. बांधाची राखण करणारा गुणाजी म्हणाला, पूर्वी ही खाडीभर असायची. तिवरं तुटत गेली तशी तीही गेली. आता या कोपऱ्याशिवाय कुठे दिसत नाहीत.

जेवताना तिने नवऱ्याला तो कोपरा सोडायला सांगितलं. ताजुद्दीनने शांतपणे समजावलं, की मोठं तळं तिथेच बसतं, बाकी जमीन चढाची आहे. शिवाय हीच जनावरं उद्या कोळंबी खातील. त्याचं चुकत नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

"खाऊ देत," ती म्हणाली. "तिवरं तोडायची नाय. जमीन माझी हाय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे ती पहिल्यांदाच बोलली. ताजुद्दीन जेवण आटोपून उठला. नंतर बरेच दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. तळी खणायचं मशीन आलं तेव्हा मात्र त्याने तिवरांच्या अलीकडेच चुन्याची रेघ ओढून दिली.

तळी लहान झाली. पाणमांजरं कोळंबीवर आलीच. त्याने जाळी लावली, तर जनावरं खालून उकरून आत शिरली. शेजारच्या तळेवाल्याने विष घालायला सुचवलं.

"मालकिणीची हायत ती," ताजुद्दीन म्हणाला. "मला त्यातलं काय विचारू नको."

पुढे खाडीकाठच्या सगळ्याच तळ्यांत रोग शिरला आणि कोळंबी मेली. शेजाऱ्याने तळी विकली, ताजुद्दीन पुन्हा कुवेतला गेला. फुटलेल्या बांधातून भरतीचं पाणी तळ्यांत येऊ लागलं. सुरैय्या अधूनमधून तिकडे चक्कर मारायची.

एकदा फोनवर घरचं सगळं विचारून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि ती जनावरं?"

"एकच दिसलं," ती म्हणाली. "यंदा पिल्लं नाय दिसली."

"बघत जा," तो म्हणाला.