किल्टच्या निऱ्या

मोनानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काकाजी, तुमी पाहून सांगा. यायच्याच बँडचा हाय का हा पोट्टा?”

मोना नवऱ्याचं नाव घेत नाही. नवरा म्हणजे भुपेंद्र, माझ्या हाताखाली शिकलेला.

बातमी सकाळीच टीव्हीवर आली होती. तिकडे डोंगरात सैन्याच्या पाइप बँडची बस पुलावरून नदीत कोसळली. कोणत्या पलटणीचा बँड, ते काही सांगत नव्हते. या टीव्हीवाल्यांना जगभराचं सांगता येतं, कामाचं तेवढं येत नाही. आमच्या सानगडी गावानं मात्र बस भुपेंद्रचीच, असं ठरवून टाकलं होतं, कारण भुपेंद्र काल फोनवर म्हणाला होता की उद्या बसनं कार्यक्रमाला जायचं आहे. आता त्याचा फोन लागत नव्हता.

मी भुपेंद्रच्याच पलटणीतून रिटायर झालो. उभी नोकरी बॅगपाईप वाजवण्यात गेली. गावी परतल्यावर तलावाच्या पाळीवर दोन पोरांना शिकवलं, भुपेंद्रला आणि निकेशला. दोघंही भरती झाले. छावणी एक, पण पलटणी दोन आणि बँडही दोन. सुट्टीवर आल्यावर पोरं बँडचा तो निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा किल्ट घातलेले फोटो दाखवायची, आणि गावातल्या बाया “टिकारामभाऊचा घागरा” म्हणून मलाच हसायच्या. मी चिडायचो, मग त्या जास्तच हसायच्या. आज त्याच बाया अंगणात गप्प उभ्या होत्या.

घरात भुपेंद्रची आई आनंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी निकेशची आई, कलाबाई. धानाचा रोवणा अर्धा टाकून बांधीतून तशीच आली होती, पायांवरचा चिखल वाळला होता. ती आनंदाबाईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“काही नाही होत, बाई. येते त्याचा फोन. घोर नोको करू.”

“निकेशले लावून पाहिला का फोन?” मी विचारलं.

“त्याचा कधी लागते जी? सणावारी लागला तं लागला.” आनंदाबाईला जरा बरं वाटावं म्हणून ती हसलीसुद्धा.

मी फोन घेऊन दारातल्या उजेडात गेलो. फोटो कुणीतरी कुणाला पाठवलेला, फिरत फिरत मोनाकडे आलेला. नदीकाठच्या दगडांवर एक जवान पालथा पडला होता. वर कांबळं टाकलेलं, चेहरा झाकलेला. दिसत होती ती फक्त किल्टची मागची बाजू आणि पाय. बुटांवर चढवायचे स्पॅट पांढरे, पण ते दोन्ही बँडचे पांढरेच. मोज्यांच्या रंगीत फिती वाहून गेल्या होत्या. किल्टचे चौकडे दोघांचेही हिरव्या-निळ्यातले. एकात बारीक पिवळी रेघ, दुसऱ्यात पांढरी. चिखलानं दोन्ही सारख्याच झाल्या असत्या.

“मोठा कर पोरी.”

मोनानं मोठा केला. चित्र फाटलं.

“इतका नोको. जरासा कमी.”

उरल्या निऱ्या. त्या वरच्या बाजूनं शिवलेल्या असतात, पाण्यानं सुटत नाहीत. आमच्या पलटणीचा शिंपी कापड असं दुमडतो की प्रत्येक निरीवर तीच एक उभी रेघ येते, मागून पाहिलं तर नुसत्या रेघाच रेघा. निकेशच्या पलटणीत निऱ्या घातल्या तरी चौकडा मोडू देत नाहीत. एका निरीवर रेघ, मग काही कोऱ्या, मग पुन्हा रेघ.

मी श्वास धरून पाहू लागलो. एका निरीवर फिकट रेघ होती. तिच्या शेजारची कोरी. तिच्या शेजारचीही कोरी. चिखल असेल म्हणून डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पुढची कोरी, आणि त्यापुढे रेघ.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जिभेला हाड नसतं, माझ्या तर कधीच नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, “आपला नाही. भुपेंद्रचा बँडच नाही हा.”

मोना उभ्या जागी खाली बसली. आनंदाबाई कलाबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि कलाबाईही रडत रडत म्हणाली, “मी म्हणत नोव्हती का? म्हणत नोव्हती का तुले?”

मग पदरानं डोळे पुसून तिनं सहज विचारलं, “मंग कोणाचा जी हा बँड?”

मी फोन पालथा धरला. मोनानं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. आनंदाबाईचं रडणं थांबलं. तिनं कलाबाईचा हात घट्ट धरला.

“भाऊ, बोला ना,” कलाबाई म्हणाली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. “कलाबाई, हा निकेशच्या पलटणीचा बँड हाय. पण हा निकेशच हाय असं नाही. बाकीच्यायले अजून काढून राहिले.”

ती आमच्या तोंडांकडे पाहत राहिली. एकेकाकडे, सावकाश.

“बस नदीतच पडली ना?”

“हो.”

“खाली दगडावर नाही ना पडली? पाण्यात पडली?”

“पाण्यात.”

“मंग काही नाही होत,” ती म्हणाली, आणि आनंदाबाईच्या पाठीवरून पुन्हा हात फिरवू लागली, जणू धीर अजून तिलाच द्यायचा होता. “एवढुसा होता तं तलाव पार करे थो. सांगा ना भाऊ, तुमी पाहिलं हाय. पोवता येते ना माह्या निकेशले?”

“येते,” मी म्हणालो. “चांगलं येते.”

किल्टची आठ वार लोकर पट्ट्यांनी कमरेला आवळलेली असते. ती भिजली की तिचं काय वजन होतं, हे त्या घरात एकट्या मलाच माहीत होतं.