तक्रार रहिवाशांनीच करावी

आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा धाकटी परदेशात होती. तिथल्या एका कारखान्यात ती चष्म्याच्या काचा घासायचं काम करायची. दादाचा फोन आला. दादा शहरबसचा ड्रायव्हर. एरवी बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "ऑपरेशन करावं लागणार आहे. येतेस का?"

यायचं कसं, इथेच घोडं अडलं. तिच्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि वकिलातीत आता नवा नियम आला होता. बाहेर कमावणाऱ्याने मायदेशाचा कर भरल्याशिवाय पासपोर्ट नवा होणार नव्हता. मागची थकबाकीही त्यातच.

"मी इथे कर भरते," ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली. "पगार हातात यायच्या आत कापून घेतात."

"तो इकडचा झाला. हा तिकडचा."

"तिकडे मी राहत नाही. तिकडच्या रस्त्यावर चालत नाही, तिकडच्या नळाचं पाणी पीत नाही."

"नियम मी केलेला नाही, ताई," कारकून म्हणाला. "मी फक्त शिक्का मारतो."

घरी येऊन तिने दादाला फोन लावला. तो तरी आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"भरायलाच पाहिजे की," दादा म्हणाला. "काचा घासायला शिकलीस कुठे? सरकारी तंत्रशाळेत. तिथे बाबांनी दमडी तरी मोजली होती का?"

"आणि मी दर महिन्याला घरी पाठवते ते?"

"ते तू आईला पाठवतेस. हॉस्पिटलात तिच्या शेजारच्या खाटेवर आहे त्या म्हातारीला नाही."

त्यावर ती जास्तच चिडली. "तुझं काय जातंय बोलायला," म्हणून तिने फोन ठेवला.

नाक दाबलं की तोंड उघडतं. स्वतःचं छोटं दुकान काढायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तिने भरले. पासपोर्ट हाती येईपर्यंत इकडे आईचं ऑपरेशन उरकलंसुद्धा.

ती येऊन पोहोचली तेव्हा आई अजून हॉस्पिटलातच होती. हॉस्पिटल सरकारी होतं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छ. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि नीट समजावून सांगत होत्या. धाकटीला नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्याचाही तिला राग आला. मग आईला घरी न्यायचं ठरलं आणि कळलं, की लिफ्ट बंद आहे.

"खुर्चीत बसवून उतरवू," दादा म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"हाड नुकतंच जोडलंय तिचं. कुणी विचारायला जात नाही का?"

"जा ना, तू विचार."

ती तरातरा खाली ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर उघडला, लिफ्टचं सगळं ऐकून घेतलं आणि राहण्याचा पत्ता विचारला. धाकटीने खरा, परदेशातला पत्ता सांगितला.

"मग नाही घेता येणार. तक्रार रहिवाशांनीच करावी, असा नियम आहे."

"अहो, मी कर भरलाय. ही पावती बघा."

बाईंनी पावती नीट वाचली. "पावती बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"मग मला काय करता येतं?"

बाईंनी खरंच थोडा विचार केला. "कर भरता येतो," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं.

धाकटी वर आली. दादा आता हसणार, अशी तिची खात्री होती. तो आईच्या चपला पिशवीत भरत होता.

"मी केली होती तक्रार," तो खाली मान घालूनच म्हणाला. "आईला वर आणलं त्याच दिवशी. मग पुन्हा एकदा गेलो. कुणी ताकास तूर लागू देत नाही."

"मला बोलला नाहीस."

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, बघ, यासाठीच भरू नये."

ती अगदी हेच म्हणाली असती.

दोघांनी खुर्ची उचलली. दादा खालच्या बाजूला, पाठमोरा पायऱ्या उतरत होता; वरच्या बाजूने तिने पाठ धरली होती. पहिल्या वळणावर तिला राहवलं नाही.

"आपलेच पैसे आणि आपणच हमाल."

"मग देऊच नये का? लिफ्टबरोबर डॉक्टरीणबाईंनाही घरी पाठवू?"

"असं मी कुठे म्हणाले?"

"मग काय म्हणालीस?"

"भांडायचं असेल तर आधी मला खाली ठेवा," आई म्हणाली. "नाहीतर पुन्हा वर न्यावं लागेल मला."

दोघांनी तिला जपून खाली आणलं. फाटकाशी टॅक्सी उभी होती. आईला मागच्या सीटवर टेकवून बसवताना दोघांनाही धाप लागली होती. दादाची ड्युटी सुरू व्हायची होती, त्याला तिथूनच डेपोत जायचं होतं. धाकटी आईजवळ बसल्यावर दार लावून तो खिडकीशी वाकला.

"पुढच्या वर्षी भरशील?"

"भरावाच लागेल. आईकडे यायचंय ना."

"तसं नाही विचारत मी."

धाकटी थोडा वेळ आईच्या गुडघ्याखालची उशी सारखी करत राहिली.

"भरीन," ती म्हणाली. "पण तुझ्यासारखी खुशीने नाही."

"मी कुठे खूश आहे?" दादा म्हणाला, आणि उशीर होत होता म्हणून रस्ता ओलांडून निघून गेला.