मातीखालचा पाया

मी एक जुने चित्र आहे. मित्रांनो, फाटक्या कापडांच्या लगद्यापासून माझा कागद झाला, त्याला अडीचशे वर्षे उलटून गेली. माझ्यावर रोममधल्या एका प्राचीन देवळाचे तीन खांब आहेत. ते चित्रकार दोमितिल्लाबाईंनी काढले.

त्या काळी देवळाच्या आवारात गुरांचा बाजार भरे. शेकडो वर्षांच्या मातीत खांब निम्मे गाडले गेले होते. पण परदेशी प्रवाशांना चित्रात देऊळ पायासकट हवे असे. मग चित्रकार मातीखालचा भाग देवळांच्या नमुन्यांच्या पुस्तकात बघून ठोकून देत. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

दोमितिल्लाबाई शिडीवर चढल्या, दोरी लावून त्यांनी खांब मोजले, त्यांचा वरचा भाग माझ्यावर काढला आणि मातीपाशी येऊन थांबल्या.

"अहो वहिनी, थांबलात का?" त्यांचे धाकटे दीर बाल्दास्सारे म्हणाले. चित्रे विकायचे दुकान त्यांचेच. "शनिवारी गिऱ्हाईक मायदेशी निघतंय. पुस्तक उघडा आणि उतरवून टाका."

"भावजी, जे मी पाहिलंच नाही, ते काढू कसं?"

"खाली बघायला कोण जाणार आहे?"

"मी जाते की!"

दुसऱ्या दिवशी बाई फावडे घेऊन हजर. गुराख्यांना आयतीच करमणूक झाली. "काय बाई, विहीर खणताय की खजिना?"

"खजिना निघाला तर अर्धा तुझ्या बैलाला," बाई म्हणाल्या आणि खणत राहिल्या. हाताला फोड आले. पावसाच्या एका सरीने निम्मा खड्डा बुजला, तो त्यांनी पुन्हा उपसला. पाचव्या दिवशी पाया दिसला. दोन खांबांचा सुबक होता. तिसऱ्याचा मात्र अर्धवट घडवलेला, ओबडधोबड. कुणा प्राचीन पाथरवटाने काम तसेच सोडले होते. बाईंनी छिन्नीचे घाव मोजून माझ्यावर उतरवले.

गिऱ्हाइकाने मला पाहताच नाक मुरडले. "हे चुकलंय. पुस्तकात असं नाही. नीट करा, तरच नेतो."

"दगड तसाच आहे, महाराज. चित्रही तसंच राहील."

बाल्दास्सारेंनी कपाळाला हात लावला. मी दुकानातल्या कपाटाच्या खणात पडलो. माझा एक कोपरा उंदरांनी खाल्ला. दिरांनी दोनदा लेखणी घेऊन मला सुधारायला काढले, दोन्ही वेळा बाईंनी मला ओढून घेतले. त्या वारल्या, तेव्हाही मी खणातच होतो. मला फार वाईट वाटले.

पुढे कितीतरी वर्षांनी तिथली माती उपसली गेली. देवळाची मापे घ्यायला आलेल्या एका मोजणीदाराने मला त्या खणातून शोधून काढले आणि तिसऱ्या खांबाशी नेऊन धरले. तो गुडघ्यांवर बसला आणि दगडावरचा एकेक घाव माझ्यावर शोधू लागला. सगळे जुळले.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझी घडी घालू नका, एवढे मागणे आहेच. पण कुणी मला सुबक करायला निघाले, तर आधी त्याचा हात धरा. त्या ओबडधोबड दगडासाठी एक बाई पाच दिवस मातीत उभी होती.