लेकीच्या पंखाखाली

"बाबा, पंखाचं वजन तीन किलो जास्त भरलं!" वजनकाट्यावरून ज्योत्स्ना ओरडली. "टोकापर्यंत सारखीच जाड पट्टी लावली का काय?"

"लावली! मजबूत नको का?" राजानंदनं छाती फुगवून सांगितलं. बदनापुरात तीस वर्षं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवत होता. गिऱ्हाइकानं दोन टनांची सांगितली की ह्यानं चार टनांची बनवलीच, कारण भरताना गिऱ्हाईक कुठं दोनावर थांबतंय! मग लेक दुकानातच बांधत होती आणि स्वतः उडवणार होती त्या दोन माणसांच्या विमानात, पंखाच्या कण्यात, म्हणजे आतल्या लांब तुळईत, तो हात आखडता घेईल होय?

"मजबूत मुळाशी पायजे, पंख विमानाला जुळतो तिथं. सगळा ताण तिथंच येतो. टोकाला जाडी म्हंजे नुसतं ओझं. असं विमान माळावरून उठायचंच न्हाई."

"आन् बारीक केल्यावर वर मोडलं तर? वर तू असशील, बाई!"

"मोडायचं तर आधी इथंच मोडल. वाळूची पोती टाकून बघूच ना!"

राजानंदनं कानस उचलली. तीन दिवस तो आपलीच पट्टी टोकाकडं झिजवत होता आणि चरफडत होता.

चौथ्या दिवशी पंख सांगाड्याला उलटा बांधला. उडताना हवा पंखाला खालून वर रेटते आणि पोती वरून खाली दाबणार, म्हणून उलटा. दुकानातला जुना कारागीर भिवा पोती रचू लागला. विसाव्या पोत्याला टोक हातभर खाली आलं. राजानंदच्या हिशेबात ट्रॉली वाकली म्हणजे संपली.

"वाकून राह्यला गं!"

"वाकू द्या! वाकतो म्हणूनच मोडत न्हाई!" ज्योत्स्ना वही हलवत नाचत होती.

चार पोती उरली. नवी ट्रॉली भरायची, आणि मालकानं खाली बसून दाखवल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही, अशी ह्या दुकानाची रीत. राजानंद वाकला आणि सरळ पंखाखाली शिरला.

"बाबा, निघा! पागल झाले का?"

"लोकांच्या ट्रॉलीखाली बसलो, तुह्या पंखाखाली न्हाई बसू? टाक रे भिवा!"

भिवानं ज्योत्स्नाकडं पाहिलं. तिनं वहीतले आकडे एकदा पाहिले, वही बाजूला फेकली आणि बापाशेजारी जाऊन बसली.

"टाका, भिवाकाका."

एक. दोन. तीन. पंख कुरकुरला. चौथ्याला तो राजानंदच्या टाळूला टेकला आणि तिथंच थांबला.

"पेलला! बाबा, पेलला!"

भिवा ओरडतच पोती उतरवू लागला. पंख टाळूवरून दोन बोटं उठला, मग वीतभर, मग पार सरळ झाला. राजानंद मात्र अजून मान वाकवूनच बसला होता, आणि लेकीचा हात काही त्याच्या मुठीतून सुटत नव्हता.